खणात निजवलेल्या डब्या

उरालमधल्या त्या तळ्याकाठच्या प्रयोगशाळेत सकाळची पाळी सुरू झाली की बायका आधी डोक्याला रुमाल बांधत आणि मग छातीवरची फिल्मची डबी काढून टेबलाच्या खणात ठेवत. डबी लावायची असे ती खरं तर कामावरच. युरेनियमचे घातक किरण लागले की आतली फिल्म काळी पडे, आणि फार काळी पडली तर माणसाला त्या विभागातून हलवत.

"नाजूक आहे हो ती, ओटमार कार्लोविच. कष्ट सोसत नाहीत तिला," खणातल्या डबीकडे बोट दाखवत क्लावा डॉक्टर ब्रेमेंना म्हणाली. बाकीच्या हसल्या.

डॉक्टर हसले नाहीत. युद्ध हरल्यावर रशियनांनी बायकोसकट उचलून आणलेला हा जर्मन रसायनतज्ज्ञ पाच वर्षं इथे युरेनियम शुद्ध करत होता. आणि क्लावाला सहावा महिना लागला होता.

"पोरी, आठवडाभर लाव. म्हाताऱ्याचं ऐक."

तिनं ऐकलं. आठव्या दिवशी फिल्म तव्याच्या बुडासारखी काळी निघाली.

ती घेऊन डॉक्टर संचालकांकडे गेले. "तिला आजच हलवा."

संचालक रोदिओन येगोरिचनी फिल्म उजेडाकडे धरली. "खराब निघाली असेल. बाकी चाळीस जणींच्या बघा, काचेसारख्या स्वच्छ."

"त्या खणात असतात."

"डॉक्टर, पाहुण्यानं यजमानाचे खण उघडू नयेत. या अहवालावर सही करा. जर्मनीला घरी जायच्या यादीत तुमचं नाव बरंच वर आहे."

अहवालात लिहिलं होतं: बाधा कोणालाही नाही. डॉक्टरांनी सही न करताच पेन खाली ठेवलं. आता घरी जाणं लांबलं, हे बायकोला सांगायचं होतं.

चिडली मात्र क्लावाच. "कशाला लावायला लावलीत? मला हलवलं तर विभागानं दिलेली खोली जाईल. बराकीत तेरा बायकांत पाळणा कुठे टांगू?"

"अगं, पण बाळ..."

"बाळाला छप्पर नको?"

डॉक्टरांच्या हातात द्यायला खोली नव्हती.

चौथ्या दिवशी अहवाल मॉस्कोला गेला. खाली दुसऱ्याच कुणाची सही होती. त्यांच्या नकारानं टपाल एक दिवसही अडलं नाही. त्याच सकाळी क्लावानं नवी डबी खणात ठेवली, बाळासाठी विणायला घेतलेला अर्धा मोजा तिच्यावर पांघरला आणि दोन बोटांनी हलकेच थोपटलं.

कागदावर सगळेच निरोगी दिसले, की तिथला खण आधी कुणीतरी उघडून बघावा.