हुकुमात सापडलेली गोफण

मी एक जुनी गोफण आहे, मित्रांनो. आटपाडीकडच्या एका धनगराने काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ घालून मला विणले. मधे दगड ठेवायला खोबण, दोन्ही बाजूंना दोर आणि एका दोराला बोटात अडकवायचा फास. एवढाच माझा संसार. त्याने मला विकले ते राहीबाईंना, आणि तिथे माझे भाग्य उजळले.

राहीबाईंचा नवरा पलटणीबरोबर परमुलखात लढाईवर होता. घरी दोन लेकरे आणि सांगलीकडच्या एका लहान शहराच्या वेशीला लागून ज्वारीचे एक रान. पाखरांनी ते खाल्ले तर वर्षाची भाकरी गेली. म्हणून त्या पहाटेच रानात उभारलेल्या लाकडी माळ्यावर, म्हणजे मचाणावर चढत. त्यांच्या हातासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. दगड नेमका थव्याच्या पुढे पडायचा. थवा उडायचा, पण एकही पाखरू मरायचे नाही.

एकोणीसशे त्रेचाळीस साली, ज्वारी हुरड्यात आली असताना, नगरपालिकेच्या हद्दीत दवंडी फिरली. शहराच्या शांततेसाठी भाला, तलवार, तिरकमठा, बेचकी आणि दगड लांब फेकण्याचे इतर कोणतेही साधन जवळ बाळगू नये. पोरांच्या बेचकीचे नाव हुकुमात आले आणि मी मात्र 'इतर कोणतेही'. मला थोडे वाईट वाटले, पण तलवारीच्या पंक्तीला बसायला मिळाले म्हणून ते गिळले.

दुसऱ्याच दिवशी भाऊसो हवालदार माळ्याखाली आले.

"राहीबाई, गोफण द्यावी लागंल. हत्यार हाय ते."

"आवं, पाखरं हाकायची हाय ती."

"दगड लांब जातोय का न्हाई?"

"मग काय पायावर पाडून घेऊ?" राहीबाई म्हणाल्या. "बरं, दगडच न्हाई घातला तर?"

हवालदारांनी डोळे मिटून हुकूम मनात पुन्हा वाचला. माणूस कर्तव्याचा पक्का. "दगड न्हाई म्हटल्यावर दोरीच की ती," असे म्हणून त्यांनी मला सोडले आणि माळ्यावरचे दगड पाटीत भरून चौकीत जमा केले. दगडांना अटक झालेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

आता माझा एक गुण सांगते. दगड असला की मी नुसती सूं करते. रिकामी फिरवून झटका दिला, तर मात्र चाबकासारखी कडाडते. पुढच्या सकाळी राहीबाईंनी मला मोकळीच फिरवली. फाट् आवाज झाला, पाखरे उडाली. पुन्हा फाट्.

थोड्याच वेळात रानाला पोलिसांचा वेढा पडला. बारक्या मिशीचे नवे फौजदार बांधाआड आडवे पडून ओरडले, "बंदूक खाली टाका!"

राहीबाईंनी मला उंच धरून दाखवले. "पाखरं तुमच्यावानी शाणी असती, तर एका आवाजात अशीच आडवी झाली असती."

फौजदार उठले, कपडे झटकले आणि चौकशी करू लागले. तेवढ्यात उडालेला थवा परत येऊन कणसांवर बसला. राहीबाईंची उत्तरे तुटक होऊ लागली. नजर सगळी कणसांवर. फौजदारांनी ते पाहिले. मग त्यांनी बांधावरचा एक दगड देऊन राहीबाईंना मला एकदा चालवायला लावले. सूं.

"हवालदार, चौकीतले दगड परत आणा."

"साहेब, पण हुकूम..."

"हुकूम शांततेसाठी आहे. दगड घातल्यावर ही शांत असते."

इतका समंजस साहेब मी त्या दिवसांत दुसरा पाहिला नाही. हवालदारांनी पाटी डोक्यावरून आणली, आणि दगड माळ्यावर चढवूनही दिले. त्या साली ज्वारी खळ्यावर आली, पोती घरात गेली आणि लेकरांनी वर्षभर पोटभर भाकरी खाल्ली.

आता मी खुंटीला असते. लोकर विरली आहे, उंदीर टपून असतात. मित्रांनो, घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला ओल लागू देऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणि भिंतीवर मांडायचीच झाली तर तलवारीशेजारी नको. तिथे मी एकदा बसून आले आहे. मला भाकरीच्या परातीशेजारी टांगा.