कुलपातलं इंजेक्शन

मी अ‍ॅड्रेनालिनच्या इंजेक्शनचा पेन बोलतोय. मला लिहिता येत नाही. एखादा पदार्थ बाधून कोणाचा श्वास कोंडला, की मला त्याच्या मांडीत टोचायचं. तेही एकदाच.

सान्वीच्या मामाने मला परदेशातून आणलं. सान्वी चार वर्षांची. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिच्या अंगावर गांधी उठायच्या. तिच्या आईने मला नौपाड्यातल्या बालवाडीत नेऊन दिलं, सगळ्या टीचरना वापर दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मोठ्या बाईंनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आपल्याकडे मोलाची वस्तू इतकी जपून ठेवतात, की वेळेला ती मिळतच नाही.

संक्रांतीनंतर बालवाडीत बोरन्हाण होतं. मदतनीस नंदामावशींनी बोरं-चुरमुऱ्यांतून भुईमुगाच्या शेंगा एकूण एक वेचून काढल्या. पण तिळाच्या वड्यांत दाण्याचं कूट आहे, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. रोज भाजीत पडणाऱ्या कुटाला शेंगदाणा कोण म्हणतं?

"टीचर, घसा टोचतो," सान्वी म्हणाली. बघता बघता तिचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मोठ्या बाई किल्लीसकट कोपरीला हळदीकुंकवाला गेलेल्या. काचेआडून मी सगळं बघत होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नंदामावशींनी स्टूल उचललं आणि काच फोडली. मी कृतिका टीचरच्या हातात आलो. टोपण काढून त्या थांबल्या.

"आधी तिच्या आईला विचारू या का?"

"फोन मागनं करा, टीचर. आधी टोचा. मी पाय धरते."

टीचरनी टोचलं. अंगात होतं नव्हतं ते सगळं मी तिला देऊन टाकलं. रिक्षा हॉस्पिटलला पोचेस्तोवर तिचा श्वास मोकळा झाला होता.

आता माझा उपयोग नव्या टीचरना शिकवण्यापुरता. नवा पेन आलाय, तो दाराशेजारी, मोठ्यांच्या हाताला लागेल असा ठेवलाय. तुमच्या मुलांच्या बालवाडीत माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला कुलूप लावू देऊ नका, एवढंच मागणं.

सान्वी मला बघितलं की तोंड फिरवते. "यानेच मला टोचलं," असं सगळ्यांना सांगत सुटते. सांगू दे. रागवायला ती आहे, मला तेवढं पुरे.