चौथं भोक

आमच्या गावात माणसाची पत कागदावरून ठरते. शंभर यार्डांवरून मारलेल्या गोळ्यांची भोकं कागदावर जितकी जवळजवळ, तितका माणूस मोठा. ड्वेनच्या हॉटेलात गल्ल्यामागे असे कागद टाचलेले आहेत आणि त्यांतले निम्मे माझे. हे पूर्वी मी फुशारकीने सांगायचो.

काडतुसं घरी भरणं हा माझा जुना नाद. रिकामी पितळी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, तराजूवर कणाकणाने तोललेली बंदुकीची दारू आणि वर गोळी. एका रायफलीला जे मानवतं ते दुसरीला मानवत नाही. दारू किंचित कमीजास्त करत, गोळी केसभर आतबाहेर बसवत तिची मर्जी शोधावी लागते. सगळा चिकाटीचा मामला, आणि मला वाटायचं, ती आपल्याकडे पोत्याने आहे.

गेल्या जुलैत विल्डामावशी आली. ही माझ्या आईची धाकटी बहीण, सत्त्याहत्तर वर्षांची, विलो क्रीकवर एकटी राहते. दर नोव्हेंबरात स्वतः एक एल्क, म्हणजे घोड्याएवढं हरीण, मारते आणि वर्षभर खाते. उभ्या जन्मात तिने कुणाकडून मांसाचं एक पुडकं घेतलेलं नाही.

"लायल, माझ्या बंदुकीची काडतुसं दुकानात मिळेनाशी झालीत," ती म्हणाली. "तू भरून दे. तुझ्या भोकांचा भारी गवगवा ऐकते."

"चारही गोळ्या अर्ध्या इंचात बसवून देतो, मावशी."

"आधी बसव, मग बोल."

मी बसवायच्या आधीच बोलून बसलो, तेही ड्वेनच्या हॉटेलात, चारचौघांत. आणि ती जुनी रायफल काही केल्या ऐकेना. सहा आठवडे गेले. ऑगस्टच्या शेवटी चारपैकी तीन गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या आणि एक दोन इंच खाली, डावीकडे गेली. पुन्हा चार मारल्या. पुन्हा तीन चिकटून, एक तिथेच खाली, डावीकडे.

"हात हलला," मी स्वतःशी म्हणालो. आम्हा लोकांचं हे ठरलेलं वाक्य आहे. पण हात दोनदा त्याच जागी हलत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. भरणंच जमलेलं नव्हतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला हवी होती. मी कंटाळलो होतो आणि ड्वेन रोज विचारत होता, "काय रे, म्हातारीच्या बंदुकीने नाक कापलं वाटतं?"

मी कात्री घेतली आणि कागदाची खालची पट्टी कापून टाकली. तीन भोकांचा देखणा कागद मावशीच्या काडतुसांच्या खोक्याच्या झाकणात चिकटवला. पट्टी मात्र फेकवेना, म्हणून टोप्यांच्या डब्यात सारली.

नोव्हेंबरात मी तिच्याबरोबर गेलो. तिने पाठपिशवीवर रायफल टेकवली, श्वास सोडला आणि अडीचशे यार्डांवरच्या एल्क मादीवर चाप ओढला. शंभरावरचे दोन इंच अडीचशेवर पाच होतात. मादीचा पुढचा पाय मोडला आणि ती तीन पायांवर झाडीत घुसली.

दिवसभर आम्ही बर्फातल्या रक्तामागे चाललो. दिवस कलताना ओढ्यापाशी रक्त संपलं. मावशी एका ओंडक्यावर बसली. तिने हातमोजा काढला आणि उजवा हात समोर धरून बराच वेळ बघत राहिली.

"हात हलला माझा," ती म्हणाली.

तेव्हा बोलायला हवं होतं. "होतं असं कधीमधी," मी म्हणालो. एवढा हलकट शब्द मी आयुष्यात उच्चारलेला नाही.

तिसऱ्या दिवशी कावळ्यांमुळे मादी सापडली. कोल्ह्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मावशीने खिशातून परवाना काढला आणि चाकूने त्यावरची तारीख कापली. तारीख कापली की शिकार आपल्या नावावर लागते, त्या साली पुन्हा मारायची नाही.

"अगं, हातात काहीच आलं नाही. कापायची काय गरज?"

"मारली मीच ना? मग माझीच ती."

डिसेंबरात ती माझ्या शेडमध्ये आली, रायफल घोंगडीत गुंडाळून. "ही तू ठेव. माझा हात गेला. उगाच मुक्या जनावरांचे हाल नकोत." आणि मी ठेवली! वर शहाजोगपणे आमच्या फ्रीजरमधली मांसाची बारा पुडकी तिच्या गाडीत घातली. ती "थँक्यू" म्हणाली, खाली बघून. मावशी खाली बघून बोलते हे मी प्रथमच पाहिलं.

त्यानंतर मला ती रायफल बघवेना. जेवताना मांसाकडे बघवेना. जानेवारीच्या एका सकाळी मी रायफल घेतली, डब्यातली पट्टी घेतली आणि विलो क्रीकला गेलो.

मावशी बटाटे सोलत होती. मी पट्टी टेबलावर ठेवली. तिने चष्मा लावला, उठून फडताळातून खोकं आणलं आणि झाकणातल्या कागदाखाली पट्टी धरली. कड कडेला तंतोतंत लागली. चौथं भोक आपल्या जागी आलं.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"ऑगस्टपासून."

"ओढ्यापाशी मी बसले होते, तेव्हाही?"

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुसले, रायफल घोंगडीतून काढून दारामागच्या जुन्या खुंट्यांवर ठेवली. "दोन महिने म्हातारी करून ठेवलंस मला, लायल," ती म्हणाली. "रात्री हात उशीखाली घेऊन झोपत होते मी."

मग ती फ्रीजरपाशी गेली आणि माझी पुडकी एकेक काढून माझ्या हातांवर रचू लागली. गारठ्याने बोटं बधिर झाली, पण खाली ठेवायची माझी छाती झाली नाही. नऊ झाली आणि ती थांबली.

"तीन खाल्ली मी," ती म्हणाली. "ती आता कशी परत करू?"