दोनशे बारानंतरचे नऊ

मी एक जुना आकडा आहे, मित्रांनो. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून रक्ताचे अहवाल वॉर्डात पोचवणारा एक प्रोग्राम आहे, त्याच्या पोटात मी राहतो. सी या संगणकाच्या भाषेत आम्हाला घडवलं एका बाईंनी. माझी धाकटी बहीण आत्ता रांगेत किती अहवाल आहेत ते सांगते. ती सारखी चढते, उतरते. मधला भाऊ शेवटच्या मिनिटाची सरासरी काढतो. माझ्या वाट्याला आले वाटेत हरवलेले अहवाल, तेही प्रोग्राम चालू झाल्यापासूनचे. मला फक्त वाढता येतं. प्रोग्राम बंद करून चालू केला, की पुन्हा शून्य.

गोंधळ नको म्हणून बाईंनी पडद्यावर आमच्या नावांपुढे लिहिलं होतं: 'आत्ता', 'सरासरी', 'सुरुवातीपासून'. तीन वर्षांत मी दोनशे बारापर्यंत गेलो. मी एकाने वाढलो, की बाई हातातला चहा टाकून उठायच्या आणि हरवलेला अहवाल शोधून पुन्हा पाठवायच्या. "कटकट्या आहेस, पण खरं बोलतोस," असं मला म्हणायच्या. त्या कौतुकावर मी अजून जगतो आहे.

बाई निवृत्त झाल्या. नव्या साहेबांना पडदा सुटसुटीत हवा होता, म्हणून त्यांनी आमच्यापुढचे शब्द काढून टाकले. मग एका सकाळी त्यांनी प्रोग्राम बंद करून चालू केला. दुपारपर्यंत मी शून्यावरून नऊ झालो होतो.

"दोनशे बारावरून नऊवर आणलं!" साहेब खूश झाले.

तेवढ्यात एक शिंपी दारात आला. गळ्यात मोजपट्टी तशीच होती.

"साहेब, बायकोचा रक्ताचा अहवाल अजून वॉर्डात आला नाही. डॉक्टर खोळंबलेत."

"येईल हो. आजच्याइतकं चांगलं कधी चाललंच नव्हतं. जा, बसा तिच्याजवळ."

तो बिचारा गेला. नववा अहवाल तिचाच होता. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

अहवाल संध्याकाळी सापडला. तोवर ती गेली होती.

मित्रांनो, आकडा दिसला की तो कसला आणि कधीपासूनचा, एवढं आधी विचारा. उद्या प्रोग्राम पुन्हा चालू करणार आहेत. मी पुन्हा शून्य होईन आणि हे नऊ पडद्यावरून पुसले जातील. त्याआधी कोणीतरी कागदावर नऊ लिहून ठेवा. त्यात शिंप्याची बायको आहे.