परत द्यायचा राहिलेला डबा

टक्.

दुपारच्या सामसूम घरात एवढाच आवाज होतो. कुकर थंड झालेला असतो, पोरगी झोपलेली असते, आणि निशिगंधा माझं झाकण उघडते. आत नाक घालते. मग झाकण पुन्हा लावते आणि धुण्याच्या घड्या घालायला निघून जाते.

मित्रांनो, माझ्यात काही नसतं. मी एक जुना स्टीलचा डबा आहे. दोन किलोचा, बुडाला एक पोचा, आणि झाकण जरा कडक. माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं आहे : 'सौ. बाळाबाई गुंडू पाटील, मुरगूड'. चाळीस वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या भांड्यांच्या दुकानात दुकानदाराने छोट्या हातोडीने टकटक करत ते घातलं, तेव्हा मला फार दुखलं होतं. पण बाळाबाईंनी पदराने पुसून मला उन्हात धरलं आणि त्या म्हणाल्या, "आता कुठं बी जाऊ दे, घरला येतोय बघ."

तेव्हापासून मी चटणीचा डबा झालो. आमच्याकडे कांदा-लसणाच्या तिखट मसाल्याला चटणीच म्हणतात. दर उन्हाळ्यात बाळाबाई मिरच्या निवडायच्या, कांदा वाळवायच्या, खोबरं-तीळ भाजायच्या, डंकावरून सगळं कुटून आणायच्या आणि मला दाबून दाबून भरायच्या. लेक निशिगंधा लग्न होऊन कोल्हापुरात आली, तेव्हा मी दुधाच्या गाडीतून ड्रायव्हरच्या पायाशी बसून तिच्याकडे येऊ लागलो.

चटणी संपली की निशिगंधा मला मुरगूडला पोचवायची. पण रिकामं कधीच नाही. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, ही बाळाबाईंची शिकवण. कधी रव्याचे लाडू, कधी चिरमुरे, काही जमलं नाही तर तळाशी मूठभर साखर. मी भरून जायचो, भरून यायचो. एका डब्याला याहून काय हवं असतं?

गेल्या वर्षी मात्र चटणी लवकर संपेना. निशिगंधाची पोरगी मोना नुकतीच पहिलीत गेली होती, हिची नोकरी होती, स्वयंपाक घाईघाईचा. फोनवर बाळाबाई विचारायच्या, "माझा डबा कवा आणून देतीस?"

"अगं, अजून अर्धा हाय."

"दुसऱ्यात काढून ठेव की. मला डबा नडलाय."

बाळाबाईंच्या फळीवर माझ्यासारखे सहा डबे होते, मित्रांनो. मला ठाऊक होतं, कारण मी त्यांच्याच रांगेत बसायचो. निशिगंधालाही ठाऊक होतं. पण ती दमलेली असायची, आणि दमलेल्या माणसाला बोलण्यामागचं बोलणं ऐकू येत नाही. "पुढच्या रविवारी येते," ती म्हणायची. असे चार रविवार गेले. पाचव्याच्या आधी, श्रावणात, बाळाबाई गेल्या.

त्यानंतर निशिगंधाने माझ्यातली चटणी भाजीला घालणं बंद केलं. भाजीसाठी दुकानातून पुडी यायची. मी वरच्या फळीवर गेलो. माझ्यात अर्धा डबा चटणी होती आणि ती करणारं माणूस नव्हतं.

दिवाळी जवळ आली. त्या वर्षी फराळ नाही, आकाशकंदील नाही. निशिगंधाचा नवरा विश्वजित मनाने चांगला, पण गप्प बसवत नाही त्याला. एक दिवस त्याने तिकिटंच आणून पुढ्यात ठेवली. व्हिएतनाम, पाच दिवस.

"घरात बसून भिंतीकडं बघत बसणार, त्यापेक्षा समुद्र तरी बघूया," तो म्हणाला.

सहलीला जायचं म्हणजे बाईला आधी चार दिवस राबायचं असतं. कपडे, औषधं, मोनासाठी खाऊ, दुधाला नको म्हणून सांगणं, झाडांना पाणी घालायला शेजारीण. सगळ्यात शेवटी तिने मला खाली काढलं.

"पासपोर्ट घेतलास का बघ," विश्वजित हसला. "चटणी तर घेतलीसच."

"खायला न्हाई घेत," ती म्हणाली. मला दोन पिशव्यांत बांधलं, मोनाच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं. मागे ठेवायला तिचा जीव होत नव्हता, एवढंच.

आम्ही उतरलो ते होई आन नावाच्या गावात. नदीकाठचं जुनं गाव, दारोदारी कागदी कंदील. ते कंदील आम्ही भिजलेलेच बघितले, कारण गगनबावड्याला शोभेल असा पाऊस लागला होता. आम्ही एका म्हाताऱ्या बाईच्या घरात वरची खोली घेतली होती. समुद्र राहिला बाजूला. दुसऱ्या दिवशी मोनाला ताप भरला. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले, पोरगी अन्नाला तोंड लावेना. निशिगंधा तिच्या उशाशी ओलं फडकं घेऊन बसली. मी खिडकीतल्या टेबलावर होतो. तिचे डोळे मिटायचे, मान पडायची, दचकून पुन्हा फडकं पिळायची.

संध्याकाळी म्हातारी वर आली. हातात तांदळाच्या गरम पेजेची वाटी. इंग्रजी तिला येत नव्हतं, व्हिएतनामी यांना येत नव्हतं. तिने मोनाच्या कपाळाला हात लावला, शेजारी बसली आणि चमच्याने भरवू लागली. मोना खाऊ लागली.

वाटी विश्वजितने धुऊन खाली नेऊन दिली. तो वर आल्यावर निशिगंधाने विचारलं, "रिकामीच दिलीसा?"

"मग काय घालून देऊ? पाऊस?"

"आई असती तर..." ती म्हणाली.

"अगं, ती इथली बाई. तिला काय ठावं आपलं रिकामं-भरलेलं?"

"मला ठावं हाय की."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज आली. पेज संपल्यावर निशिगंधाने वाटी धुतली आणि बॅग उपसली. चिवडा ओलसर झाला होता, बिस्किटांचा चुरा. माझ्याकडे बघत ती बराच वेळ उभी राहिली. मग माझं झाकण उघडलं. श्रावणापासून पहिल्यांदा माझ्यात चमचा आला. एकच चमचा तिने वाटीत काढला आणि मला घट्ट मिटलं. मलाही बरं वाटलं नाही. मी जपत होतो ते.

म्हातारीने बोटाने चाखलं. डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसलं, आणि आणखी एक बोट चाटलं. मग खदखदून हसली. तिच्याकडे बघून निशिगंधाही हसली. ते हसू मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दुपारी म्हातारी आली ती वाटी न घेता. तिने मोनाजवळची जागा धरली, निशिगंधाच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि आपला तळवा गालाखाली ठेवून डोळे मिटून दाखवले. नीज, असं.

निशिगंधा तशीच उभी राहिली. मुरगूडच्या घरात तिने पाऊल ठेवलं की बाळाबाई पहिलं हेच म्हणायच्या, "तू नीज जरा. पोरीला मी बघते." श्रावणापासून तिला तसं कुणी म्हटलं नव्हतं. ती पलंगावर आडवी झाली आणि चार तास झोपली. पावसात, परक्या देशात, भर दुपारी. म्हातारी मोनाच्या बोटांवर कसलंसं गाणं मोजत बसली होती. निशिगंधा उठली तेव्हा मोनाचा ताप उतरला होता.

निघायच्या सकाळी निशिगंधाने मला उचललं आणि खाली स्वयंपाकघरात नेलं. मागून विश्वजित आला.

"सगळी देतीस?" त्याने हळू विचारलं. "थोडी तरी ठेव."

"थोडी ठेवून मी परत जपतच बसणार," ती म्हणाली. "आईनं खायला केलीती."

आणि तिने मला म्हातारीच्या काचेच्या बरणीत उपडं केलं. तळाचं चमच्याने खरवडून दिलं. मी हलका झालो.

पुढचं सांगताना मला अवघड जातं. म्हातारीने मला तसंच परत दिलं नाही. तिला उपकार फेडायचे होते, आणि तिच्या हातात जे होतं ते तिने केलं. तिने मला घासलं. लिंबाच्या वासाचा साबण, गरम पाणी, झाकणाची खाचसुद्धा काडीने कोरून. चाळीस वर्षांचा लाल डाग निघाला. मी नव्यासारखा झालो. दोन्ही हातांनी तिने मला निशिगंधापुढे धरलं, किती छान घासलंय बघ, अशा तोंडाने. निशिगंधाने आत वास घेतला. चटणीचा मागमूस नव्हता, नुसतं लिंबू. तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिने वाकून म्हातारीच्या पायाला हात लावला.

विमानात ती मला मांडीवर घेऊन बसली होती. रागावलेली नव्हती. दमली होती फक्त.

तर मित्रांनो, आता मी कोल्हापुरातल्या या घरात खालच्या फळीवर असतो. माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात दुसऱ्या कुणाचं नाव घातलेला डबा असेल, तर घासताना ते नाव एकदा वाचा. त्यात आहे ते पोटभर खा, आणि संपायची वाट न बघता डबा परत नेऊन द्या. चार लाडू नसतील तर मूठभर साखर घाला. पण नाव ज्याचं आहे ते माणूस दारात उभं आहे तोवर द्या. आम्हां डब्यांना तेवढंच येतं, इकडून तिकडे जाणं.

आजही दुपारी झाकण वाजलं. निशिगंधाने नाक आत घातलं. लिंबाचाही वास आता राहिलेला नाही. मागे मोना उठून आली होती. ती आता अक्षरं जुळवून वाचते. तिने माझ्या पोटावर बोट ठेवलं आणि ठिपक्यांवरून हळूहळू नेलं.

"सौ. बा-ळा-बा-ई... हा आज्जीचा डबा?"

"व्हय."

"म्हणजे आपल्याला परत द्यायचाय."

मोनाने ओट्यावरची साखरेची बरणी पुढे ओढली, मूठभर साखर माझ्या तळाशी घातली आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून लावलं.

"आई," ती म्हणाली, "भरला. आता कुठं नेऊन द्यायचा?"