कुलपाचा नारळ

केंदूरच्या भैरूआबांनी बिरोबाच्या जत्रेत ओवीतून कोडं घालायचं आणि त्यांचा जोडीदार बिरदेव यानं पुढच्या जत्रेत ओवीतूनच ते सोडवायचं, असा दोघांचा मेंढरांमागं हिंडायच्या काळापासूनचा शिरस्ता. वर्षभर उत्तर पोटात सांभाळायचं, गाभण मेंढीनं कोकरू सांभाळावं तसं. पुढं बिरदेव दौंडला लेकाकडं राहायला गेला आणि जत्रेला यायचा थांबला. आहे की नाही तेही कळेना. शेवटी नातीनं, हर्षदानं, शिरूरच्या सायबर कॅफेतून आबांचं कोडं 'घोडभीमा' नावाच्या संकेतस्थळावर टाकलं. शिरूर-दौंडकडची शिकलेली मंडळी तिथं एकेका विषयाचा धागा काढून त्याखाली गप्पा मारत.

कोकणाच्या वाटंला, सकाळी म्होरं पळं,
दुपारी पायापाशी, सांजंला मागं लोळं,
सांग गड्या बिरदेवा, त्येच्या आईचं कुठं मूळ?

लगेच उत्तरं आली. 'सावली.' 'सावलीच.' 'अभिनंदन, सावली.' सावलीची आई कोणत्या तालुक्यातली यावर दोघं भांडले, मग गाडी शिरूरच्या भेळेवर गेली आणि धागा झोपला.

"ही पोरं कोन?" आबा म्हणाले. "ज्याला इचारलं, त्यानं सांगावं. थांबू की."

दर बाजाराच्या दिवशी हर्षदा बघायची. "आला का गं?" "न्हाई, आबा." तीन वर्षं गेली.

संकेतस्थळाचे चालक सत्यजीतराव दौंडचे, कंपनीत सुपरवायझर. कुणीतरी 'दौंडला चांगला दातांचा डॉक्टर कोण?' हा जुना धागा वर काढून 'दात पडला, आता कवळी कोण बसवतं?' असं विचारलं आणि रावांचा संयम सुटला. त्यांनी नवा धागा काढला : 'जुन्या धाग्यांना कुलूप लावावे काय?' मेलेलं उकरू नये, असा एक पक्ष. झोपलेलं उठवावं, असा दुसरा. दोन्ही पक्षांनी एकमेकांचे आजे-पणजे मात्र उकरून काढले. मग रावांनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि कोड्याखाली पाटी लागली : 'सहा महिने हालचाल नसल्याने हा धागा बंद.'

हर्षदानं भीत भीत सांगितलं.

"उत्तर न देता बंद केलं?" आबा फेटा सारखा करत म्हणाले. "मंग बंद करनारा हारला. आपल्या जत्रंत सवाल न सोडवता गानं थांबवनारा नारळ देतो. चल दौंडला."

संकेतस्थळावर रावांचा फोन नंबर होताच. घर सापडलं.

"नारळ द्या, मालक."

"कसला नारळ?"

"तुम्ही हारल्याचा."

सगळं ऐकून राव हसले. "आजोबा, तो धागा मेला होता."

"मेल्याला कुलूप कशाला घातलं मंग? पळून चाललं हुतं व्हय?"

आतून रावांच्या पत्नी मोनालीवहिनी म्हणाल्या, "अहो, देऊन टाका. देवापुढचा आहे एक."

"दिला तर हरलो असं होईल!"

आबा पायरीवर बसले. कानावर हात ठेवून त्यांनी कोडं गायला घेतलं. म्हातारा आवाज, पण माळ ओलांडायला शिकलेला. गल्ली जमली. ड्यूटीवर निघालेले डबा हातात धरून थांबले. कुणी म्हणालं, सावली. कुणी म्हणालं, अहो सत्यजीत, द्या की नारळ, एवढं काय! राव घामाघूम होऊन आत गेले आणि संगणकावर धाग्याचं कुलूप काढून आले. "सहा महिनेच हं!"

पुढच्या बाजारी हर्षदानं धागा उघडला. खाली नकुशी नावाच्या मुलीनं लिहिलं होतं : 'बिरदेव माझे आजोबा. भैरू आमच्या दौंडात येऊन गाऊन गेला हे त्यांनी बाजारात ऐकलं. म्हणतात, उत्तर ठावं हाय. पुढल्या साली सांगतो.'

आबांनी ते परत वाचायला लावलं.

"पुढल्या साली म्हनला?"

"व्हय, आबा."

"म्हंजी हाय गडी." फेट्याच्या शेवानं त्यांनी डोळे पुसले. "त्या मालकाला कळीव, पुढल्या सालापतुर कुलूप लावू नगं म्हनावं. आन् नारळ ऱ्हाऊ दे त्येच्याकडंच. बिरदेव चुकला तर त्येला लागंल."