ताडी चाखणारी डवली

मी माजिवड्याची एक जुनी डवली. नारळाची करवंटी आणि तिला बांबूचा दांडा, एवढाच माझा जन्म. पितळेच्या पेल्याने माझ्याकडे बघून नाक मुरडू नये. त्याला ताडीतले काय कळते? मित्रांनो, मी तुम्हाला पाजायला आलेली नाही. विलायतेच्या राणीचे राज्य होते, तेव्हाची माझ्या घरची हकीकत सांगायला आले आहे.

एका जागी स्वस्थ राहणे मला कधी जमले नाही, कारण ताडीलाच ते जमत नाही. पहाटे झाडावरून उतरते तेव्हा ती उसाच्या रसासारखी गोड. उन्हे वर आली की फसफसते. संध्याकाळी आंबटढाण. म्हणून माझी मालकीण गंगुबाई भंडारीण घटकेघटकेला मला मडक्यात बुडवी, घोट घेई, आणि ती 'हं' म्हणाली की मगच गिऱ्हाइकाचा पेला भरे. तिच्याशिवाय मला कोणी तोंड लावायचे नाही, हा घरचा कायदा. मिठागरातली माणसे भाकरीबरोबर एक पेला घेत आणि पुन्हा फावडे उचलत. रोजची ताडी अशीच असावी. जिभेला बरी, खिशाला झेपणारी, आणि हातातले काम न बुडवणारी.

मग सरकारने ताडी काढण्यावरचा दर झाडामागचा कर वाढवला. आमच्या सात ताडांपैकी दोघांचाच कर भरणे परवडले, बाकीचे सोडावे लागले. खाडीकाठच्या ताडाची ताडी जहाल, टेकाडावरच्याची गोड पण मिळमिळीत. मिठागरातला गुणाजी म्हणाला, एक चावते नि दुसरी नुसती चाटते, माणसाने प्यावे काय? तो गुत्त्यात मोहाची दारू प्यायला जाऊ लागला. त्याच्यामागे बाकीचेही गेले.

गिऱ्हाइके गेली तर गेली. पण गंगुबाईचा एकुलता विठ्ठलही संध्याकाळी तिकडेच वळू लागला, आणि पहाटे ताडावर चढायचा तोच. एका सकाळी त्याचा पाय सुटला. कमरेच्या दोराने वाचला, पण छाती सोलून निघाली. त्या दिवसापासून गंगुबाईला बसवेना की उठवेना. मला उगीच बुडवी, न चाखताच ओतून देई.

सून मालन म्हणाली, दोन्ही झाडांची एकत्र करून बघू या. गंगुबाई उसळली. दोन झाडांची ताडी एकत्र करायला हे काय दुधात पाणी घालणाऱ्याचे घर आहे? तिच्या सासूने केले नव्हते, ती करणार नव्हती. पण मालन ऐकणारी नव्हती.

एक दिवस सासू ठाण्याच्या बाजाराला गेलेली पाहून तिने टेकाडावरच्या ताडीचे तीन वाटे आणि खाडीकाठच्या ताडीचा एक वाटा असे एका मडक्यात मिसळले. मला तोंड लावायचे नाही, म्हणून मडक्याला कान लावून फसफस ऐकत बसली.

गंगुबाई परतली. मला बुडवले, घोट घेतला. पुन्हा घेतला. तिसराही घेतला. तिसरा घोट ती कधीच घेत नसे.

"कुणी केलं हे?"

"मीच, आत्याबाई. शिव्या मागाहून द्या. आधी त्यांना एक पेला द्या."

विठ्ठल मुंडासे बांधून गुत्त्याकडे निघालाच होता. उभ्याउभ्या प्यायला. मग खाली बसला, भाकरी मागितली, आणि आणखी एक पेलाही.

"दुसरा नाही," गंगुबाई म्हणाली. "पहाटे तुला वर चढायचंय, आणि मला खाली उभं राहून बघायचंय."

त्याने मुंडासे सोडून ठेवले.

सकाळी तो चढला तेव्हा दोघी बायका बुंध्याशी उभ्या होत्या. गंगुबाईने सुनेचे कौतुक केले नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. विठ्ठलवरची नजर न काढता तिने मला मालनच्या हातात दिले आणि म्हणाली, "आजची तू चाख."

मित्रांनो, माझी करवंटी आता तडकली आहे. मला जपले नाही तरी चालेल. पण तुमच्यासाठी कोणी वर चढत असेल, तर तो खाली उतरेपर्यंत मान वर करून उभे राहत जा.